सातव्या गाण्यातला बाप

पाचपैकी पाच तारे देऊन मिलानच्या त्या मासिकातल्या बाईनं लिहिलं होतं: ‘बापाच्या द्वेषात होरपळलेल्या मुलानं बापाला दिलेलं उत्तर.’ मी ते दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि माझं टाळकंच फिरलं. द्वेष? कुणाचा द्वेष? गुस्तीनचा? अहो बाई, तो माणूस त्या दिवशी लिफ्टबद्दल बोलत होता!

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तिच्यासारखंच भलतं समजून बसाल.

मी इवानो. जेनोवात, साम्पिएरदारेनाला माझं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी तिचा स्टुडिओ केलाय. पिएरा माझी धाकटी बहीण. तिचा नवरा आगोस्तीनो ब्रुत्सोने, त्याला सगळी वस्ती गुस्तीन म्हणते. त्यांचा एकुलता एक मान्लियो. मान्लियो रॅप करतो, ‘ब्रुत्सो’ या नावानं. सोळा वर्षांचा असल्यापासून तो माझ्या त्या गाद्यांच्या खोलीत बोंबलतोय, आता एकोणतीसचा झाला. शब्द त्याचे, बीट माझे. तेरा वर्षांत आमची सुटी गाणी चिकार निघाली, पण धड अल्बम असा हा पहिलाच. नाव ठेवलं ‘मुगून्यो’.

मुगून्यो म्हणजे कुरकुर. आमच्या गावात ती हक्काची गोष्ट आहे. जुन्या काळी आमचे खलाशी म्हणे कमी पगारावर सही करायचे, पण जहाजावर कुरकुर करायची मुभा करारात लिहून घ्यायचे. खरंखोटं देव जाणे. पण एवढं खरं, की ज्याच्यावर आमचा जीव, त्याच्यापाशीच आम्ही कुरकुरतो. परक्याशी मात्र अदबीनं वागतो: या, बसा, फार छान, आभारी आहे. जेनोवाचा माणूस तुमच्याशी गोड बोलायला लागला, की समजा तुम्ही अजून त्याच्या दाराबाहेर उभे आहात.

आणि गुस्तीन म्हणजे या कलेतला उस्ताद. चाळीस वर्षं तो बंदरावर कामाल्लो होता, म्हणजे हमाल. आता एकाहत्तरचा आहे, कंबर गेलीय, पण जीभ शाबूत. सकाळी उठला की हवेपासून सुरुवात. मग लिफ्ट, मग नगराध्यक्ष, मग जेनोआ फुटबॉल क्लबचा गोलकीपर, मग माझी पँट. पिएराच्या स्वयंपाकाला तर त्यानं पंचेचाळीस वर्षांत एकदाही बरं म्हटलेलं नाही, आणि ताटात एक कणही ठेवलेला नाही.

रविवारी मान्लियो जेवायला येतो. बोलावलेलं असतं साडेबाराला, हा उगवतो एकच्या सुमारास. बारा वाजल्यापासून गुस्तीन खिडकीत उभा. बस आली, गेली, दुसरी आली. शेवटी बेल वाजते, दार उघडतं आणि गुस्तीन म्हणतो,

“आलास? मला वाटलं, मेलास.”

आणि मग अक्रोडाच्या वाटणातल्या पान्सोतींचा, म्हणजे पालेभाजी भरलेल्या पास्त्याचा, सगळ्यात मोठा वाटा त्याच्या ताटात पडतो. हे मी गेली दहा वर्षं दर रविवारी बघतोय.

गेल्या हिवाळ्यात मान्लियोनं ब्रेडच्या टोपलीमागे फोन लपवून सलग तीन रविवार बापाला रेकॉर्ड केलं. माझ्याकडे घेऊन आला. मी ऐकलं आणि अंगावर काटा आला हो. काय आवाज! खर्जातला, खरखरीत, आणि ताल असा की माझ्या मशीनलासुद्धा जमणार नाही. ‘आलास? मला वाटलं, मेलास’ हे मी कापलं, फिरवलं, त्याखाली नुसता ढोल ठेवला. सातवं गाणं तयार. नाव ‘रविवार’. बाप कुरकुरतो, पोरगा मध्ये मध्ये उत्तरं देतो, आणि शेवटी दोघं एकदमच जेवायला लागतात. चमच्यांचा आवाजसुद्धा ठेवला मी.

“बापाला सांग,” मी म्हटलं.

“मामा, सांगितलं की तो नीट बोलायला लागणार. मग काय उपयोग? आधी होऊ दे, मग ऐकवू.”

मी गप्प बसलो. बसायला नको होतं. पण तो आवाज माझ्या डोक्यात असा शिरला होता, की मलाही तो सोडवेना. चूक माझीही आहे, मी काही साळसूदपणाचा आव आणत नाही.

मार्चमध्ये अल्बम आला. पहिल्याच रविवारी मान्लियोनं घरी ऐकवला. सहा गाणी गुस्तीननं हाताची घडी घालून ऐकली. सातवं लागलं. स्वतःचाच आवाज ऐकून तो खुर्चीत ताठ झाला. पिएरानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. गाणं संपलं.

“माझा आवाज इतका घोगरा आहे?” गुस्तीन म्हणाला.

“आहे,” पिएरा म्हणाली.

“आणि लिफ्टचं अर्धंच घेतलंस! तिसऱ्या मजल्यावरचा तो गाढव दार उघडं ठेवतो, ते कुठे गेलं? मूळ मुद्दा तोच होता! आणि मागे हे काय धडाम् धडाम्? कंटेनर पडतोय? इवानो, हे तुझंच काम असणार. चोर लेकाचे. माझ्याच ब्रेडमागे फोन!”

दोन तास चाललं. कॉफी थंड झाली, तिच्यावरही बोलून झालं. मान्लियो पोट धरून हसत होता आणि त्याचे डोळे ओले होते. मी त्याला तेरा वर्षं ओळखीच्या लोकांपुढे, अनोळखी लोकांपुढे गाताना बघतोय. इतका खूश तो कधीच नव्हता. त्याला ज्याची दाद हवी होती, ती त्याला त्या दिवशी मिळाली होती. आमचं खरं तर तिथेच भागलं होतं.

वस्तीतही बरं चाललं होतं. बेकरीवाली म्हणाली, “आवाज फार मोठाय.” न्हावी म्हणाला, “दुसरं गाणं लांबलंय.” आमच्याकडे यालाच डोक्यावर घेणं म्हणतात.

आणि मग मिलाननं तोंड घातलं.

त्या बाईचा लेख आला आणि तिची री सगळ्यांनी ओढली. रोमच्या एका पेपरानं लिहिलं, ‘कामगारवर्गाचा आक्रोश’. दुसऱ्यानं लिहिलं, ‘जेवणाच्या टेबलावरचा छळ’. आता ‘मला वाटलं, मेलास’ याचा अर्थ ‘बारापासून खिडकीत उभा आहे रे बाबा’ असा होतो, हे समजायला काय विद्यापीठात जावं लागतं? कुठल्याही आईला विचारा! पण नाही. यांना तिथे मुलाला मेलेला मानणारा राक्षस दिसला. आणि राक्षस लोकांना फार आवडतो. पंधरा दिवसांत ते वाक्य टी-शर्टांवर आलं. शाळेतली पोरं एकमेकांना तेच म्हणायला लागली.

गुस्तीननं लेख वाचला, चष्मा पुसून परत वाचला.

“पाच तारे. सहावा कुठेय?” असं म्हणाला खरा, पण मग द्वेष या शब्दावर बोट ठेवून त्यानं मान्लियोला विचारलं, “हे तू सांगितलंस तिला?”

“छे! तिनं आपल्या मनानंच लिहिलंय.”

“मग पत्र लिही तिला. म्हणावं, असं काही नाही.”

“लिहितो बाबा.”

लिहिलं नाही. अल्बम काढणाऱ्या कंपनीत लुदोविका नावाची मुलगी आमचं काम बघायची. तिनं फोनवर सांगितलं, “मान्लियो, वेडा आहेस का? लोक या गोष्टीसाठीच ऐकतायत. तू काही बोलूच नकोस, नुसता गप्प राहा.” पोरगी वाईट नव्हती. तिला तिचं काम करायचं होतं. पण मान्लियोनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी त्याच्या टाळक्यात एक टपली मारायला हवी होती. ती मी मारली नाही. मी म्हटलं, “बघ बाबा, तुझं तू ठरव.” मला कुठे भांडण हवं होतं.

एप्रिलमध्ये त्याला टीव्हीवर बोलावलं. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम. आम्ही बंदरावरच्या निवृत्त हमालांच्या क्लबात बसलो होतो. पत्त्यांचा, चिरुल्लाचा डाव रंगला होता. टीव्ही लागला. मान्लियो नव्या कोटात, केसांना काहीतरी चोपडलेलं. गुस्तीन म्हणाला, “हा कोट कुणाचाय? बाह्या बघ. बापाला विचारलं असतं तर माझा दिला असता.” सगळे हसले.

मुलाखत घेणारा माणूस पुढे झुकला. आवाज एकदम हळवा केला. “ब्रुत्सो, अशा बापाबरोबर वाढायचं... कसं होतं?”

आता बघा. एवढंच म्हणायचं होतं, की अहो, आमच्याकडे असंच बोलतात. झालं असतं. मान्लियोनं खाली बघितलं. समोर बसलेले लोक श्वास रोखून होते. आणि आमच्या शहाण्यानं उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“कठीण होतं,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. क्लबात मात्र कुणी हललं नाही. पत्ते वाटणाऱ्याचा हात तसाच हवेत. गुस्तीननं आपले पत्ते टेबलावर उलगडून ठेवले. डाव त्याचाच होता. उठला, टोपी घातली, काउंटरपाशी गेला.

“कॉफी फारच छान होती,” तो म्हणाला. “आभारी आहे.”

काउंटरवरचा बाच्ची तीस वर्षं गुस्तीनकडून ‘ही कॉफी आहे की गटार’ एवढंच ऐकत आलाय. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाला, “इवानो, याला डॉक्टरकडे ने.”

डॉक्टरकडे नेण्यासारखं काही असतं तर किती बरं झालं असतं!

पुढच्या रविवारी मान्लियो मुद्दाम लवकर आला, बारा पस्तीसला. हातात केकचा डबा. दार गुस्तीननंच उघडलं.

“आलास? बरं वाटलं. ये, बस.”

मान्लियोला वाटलं, बाप थट्टा करतोय. तो हसला. गुस्तीन हसला नाही. त्यानं त्याचा कोट घेतला, खुंटीला लावला, जेवताना त्याला पाणी विचारलं, मीठ विचारलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाला, “पिएरा, उत्तम झालं होतं हं जेवण.”

माझ्या बहिणीच्या हातून झाकण पडलं. त्याच्या पाठीमागे तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! इवानो, मला भीती वाटायला लागलीय. घरात इतकी शांतता आहे, की फ्रिजचा आवाज येतो.”

मग मान्लियो त्याला डिवचायला लागला. एका रविवारी दोन वाजता आला. “काही हरकत नाही, आम्ही थांबलो होतो.” एकदा दुकानातल्या बाटलीतलं पेस्तो, म्हणजे आमची तुळशीची चटणी, घेऊन आला. बाटलीतलं! बाजारातलं! लसूण नसलेलं! हे बापाच्या टेबलावर ठेवणं म्हणजे त्याच्या थोबाडीत देण्यासारखंच. गुस्तीननं ते पास्त्यावर घेतलं, खाल्लं, तोंड पुसलं.

“चविष्ट आहे.”

“बाबा, यात लसूणच नाहीये!”

“असं? मला नाही जाणवलं.”

मान्लियो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला दोघांचाही इतका संताप आला होता, की पेस्तोची ती बाटली खिडकीबाहेर भिरकावावीशी वाटली. अरे, भांडा ना! ताटं फोडा! आमच्यात म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. इथे बाप रडेना, पोरगा रडेना, आणि आम्ही दोघं भावंडं मध्ये उपाशी.

घरचं झालं थोडं, त्यात मे महिन्यात लुदोविका कॅमेरावाल्यांना घेऊन आली. तिला व्हिडिओसाठी रविवारचं खरं जेवण हवं होतं. “सिन्योर ब्रुत्सोने, तुम्ही नेहमी बोलता तसंच बोला. आम्ही इथे नाहीच असं समजा.” गुस्तीननं तिची खुर्ची ओढून दिली. वाइन ओतली. मिलानच्या हवेची चौकशी केली. मान्लियो आत आला तेव्हा कॅमेरा गुस्तीनच्या तोंडावर. सगळे वाट बघतायत.

“ये बाळा,” गुस्तीन म्हणाला. “प्रवास बरा झाला ना?”

तीनदा घेतलं, तीनदा हेच. निघताना लुदोविका जिन्यात मला म्हणाली, “किती गोड माणूस आहे हो! म्हणजे समेट झाला तर. किती सुंदर.” मी तिला काय सांगणार? लिफ्ट बंद होती. आठ मजले उतरून तिला गाडीपर्यंत सोडलं.

परत वर चढलो. धापा टाकत गुस्तीनसमोर उभा राहिलो. तो बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होता.

“बस झालं आता,” मी म्हटलं. “चार शिव्या घाल त्याला आणि मोकळा हो. पोरगं वाळत चाललंय.”

“मी काय केलं? मी तर काही बोलतच नाही.”

“तेच तर! बोल की! अरे मेव्हण्या, माझ्या पँटला शेवटचं नाव ठेवून सहा आठवडे झाले!”

त्यानं झारी खाली ठेवली. “इवानो, तो लेख त्या बाईनं लिहिला. तिला मी माफ केलं, तिला काय माहीत. पण पोरगा या टेबलावर एकोणतीस वर्षं जेवला. त्याला माहीत आहे मी काय म्हणतो ते. त्याला विचारलं, आणि तो म्हणाला कठीण होतं. जगासमोर म्हणाला.” “म्हणून मी सोपा झालो. त्याला सोपा बाप हवा होता ना? घे म्हणावं.”

एवढा भांडायला आलो होतो, पण त्याचं खोटं कुठे होतं?

मी ते मान्लियोला जसंच्या तसं सांगितलं. तो गाद्यांच्या खोलीत माईकसमोर बसला होता, नव्या गाण्याची एक ओळही झाली नव्हती.

“मला माहितीय मामा,” तो म्हणाला. “मी बोललो त्याच क्षणी मला कळलं होतं. पण ते सगळे माझ्याकडे असे बघत होते, की... तेरा वर्षं कुणी बघितलं नव्हतं तसं. ‘नाही हो, तो प्रेमानंच बोलतो,’ असं म्हणालो असतो तर सगळी हवाच गेली असती. दोन शब्दांचा प्रश्न होता. मला वाटलं, बाबाला कळेल.”

“कळलं. चांगलंच कळलं.”

“मग मी काय करू? माफी मागू? आमच्या घरात कुणी कधी माफी मागितलीय?”

“जिथे बोललास तिथेच ते परत घे. सगळ्यांसमोर.”

जूनमध्ये आमच्याच बंदरावर, जुन्या गोदामात कार्यक्रम ठरलेला होता. संध्याकाळी सातचा. सगळी तिकिटं संपली होती. मान्लियोनं ठरवलं, सातव्या गाण्याआधी थांबायचं, बापाचं नाव घ्यायचं आणि लोकांना सरळ सांगायचं, की मी खोटं बोललो. ते बोलणं त्यानं कागदावर लिहिलं. मला वाचून दाखवलं. पाच-सहा वाक्यंच होती, साधी. मला आवडली. गुस्तीनला मी कसाबसा तयार केला. “बोलावलंय तर येतो,” तो म्हणाला. त्यानं लग्नाचा काळा सूट घातला, टाय बांधला. पिएरा घरीच राहिली. म्हणाली, माझ्यानं बघवणार नाही.

मी गुस्तीनला बाजूच्या कठड्यापाशी उभं केलं, तिथून स्टेज स्पष्ट दिसत होतं. तीन हजार माणसं. निम्म्यांच्या छातीवर त्याचंच वाक्य छापलेलं. त्याला कुणी ओळखत नव्हतं. एका पोराचा धक्का लागला तर हाच म्हणाला, “माफ करा.”

सहावं गाणं संपलं. मान्लियोनं हात वर केला. त्याच्या मागेच स्टेजवर बसलेल्या मी मशीनवरून हात काढला. गोदाम शांत झालं.

“थांबा,” तो म्हणाला. “पुढच्या गाण्याआधी मला एक सांगायचंय. माझ्या बापाबद्दल—”

बस. बाप हा शब्द निघाला मात्र, मागून कुणीतरी ओरडलं, “आलास?” आणि तीन हजार गळ्यांनी उत्तर दिलं, “मला वाटलं, मेलास!”

“नाही, ऐका, ऐका ना जरा. मी टीव्हीवर जे—”

“आलास? मला वाटलं, मेलास!”

टाळ्यांचा ताल धरला त्यांनी. पाय आपटायला लागले. मान्लियो माईकमध्ये बोलत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. हातातला कागद दिसत होता. एक शब्द ऐकू येत नव्हता, मला तीन पावलांवर येत नव्हता. त्यांना वाटत होतं हा त्यांना चेतवतोय. जितका तो हात हलवून गप्प करायला बघे, तितके ते चेकाळत. मी माईकचा आवाज वाढवला; कर्कश शिट्टी उठली आणि लोक खूश होऊन आणखीच ओरडले. सत्तावीस वर्षं मी ही यंत्रं हाताळतोय, इतकी लाज कधी वाटली नाही. शेवटी मान्लियोनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी गाणं सुरू केलं. दुसरं काय करणार होतो?

मी कठड्याकडे बघितलं. गुस्तीन टाळ्या वाजवत होता. हळू, एकसारख्या, नाटकाला गेलेला माणूस वाजवतो तशा.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला मागच्या खोलीत नेलं. मान्लियो खोक्यावर बसला होता, घामानं निथळत, तो कागद अजून हातातच. बापाला बघून उठला.

“बाबा, मी सांगणार होतो. तू बघितलंस ना? ते बोलूच देईनात. मी सगळं लिहून आणलं होतं, हे बघ.”

त्यानं कागद पुढे केला. गुस्तीननं तो घेतला नाही. पण नजर क्षणभर तिथे थांबली, आणि मला वाटलं, आता. आता म्हणेल, अक्षर बघ, कोंबडीचे पाय. देवाशपथ, मी मनातल्या मनात त्याला ढकलत होतो: म्हण ना रे, म्हण!

“बाबा,” मान्लियो म्हणाला. “आवाज फार मोठा होता ना? बीट वाईट होते ना? काहीतरी बोल ना.”

गुस्तीननं टायची गाठ सारखी केली. हात पुढे केला.

“फार सुंदर गाता तुम्ही,” तो म्हणाला. “अभिनंदन.”

तुम्ही! आमच्या घरात पाव्हण्याच्या कुत्र्यालासुद्धा कुणी तुम्ही म्हणत नाही. मान्लियोनं बापाचा हात हातात घेतला. काय करावं हे न कळून घेतला. गुस्तीननं तो दोनदा हलवला आणि सोडला.

“तुमचा वेळ घेत नाही. लोक थांबलेत,” तो म्हणाला, माझ्याकडे बघून मान लववली आणि बाहेर पडला.

दार उघडं होतं. लुदोविका आत आली, तिच्यामागे सह्या घ्यायला आलेल्या पाच-सहा पोरी. त्यातली एक पुढे झाली. तिच्या छातीवर ते वाक्य होतं.

“ब्रुत्सो, ते आत्ता गेले ते आजोबा कोण होते? किती सभ्य! मला त्यांनी दार धरून ठेवलं.”

“माझा बाप,” मान्लियो म्हणाला.

ती खळखळून हसली. “चल! मस्करी नको. तो नाही रे, तुझा खरा बाप. गाण्यातला.”

मान्लियोनं दाराकडे बघितलं. मग तिच्या हातातला पेन घेतला आणि तिनं पुढे केलेल्या अल्बमवर सही करायला लागला.

“तो नाही आला,” तो म्हणाला.